एक फूट बाय एक फूट

भाजीच्या बियाण्याचं पाकीट उलटून मागचा मजकूर वाचला की त्यावर दोन अंतरं दिलेली दिसतात. एक दोन रोपांमधलं, दुसरं दोन ओळींमधलं. पहिलं वीतभर किंवा त्याहूनही कमी असतं, दुसरं त्याच्या दुप्पट-तिप्पट. रोपाला वाढायला लागते ती पहिल्या अंतराएवढी जागा. दुसऱ्या अंतराचा संबंध कोळप्याशी, ते ओढणाऱ्या बैलाशी, पाणी खेळवणाऱ्या सरीशी आणि ओळीत खुरपायला बसणाऱ्या माणसाच्या पायांशी असतो. शेतात हे रास्तच आहे. पण तेच पाकीट घेऊन आपण तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत उभे राहतो, तेव्हा तिथे बैल येणार नसतो की कोळपं चालणार नसतं. तरीही ‘भाजी लावायला जागा हवी, आमच्याकडे कुठली’ असं म्हणून बहुतेकजण पाकीट ड्रॉवरमध्ये ठेवून देतात.

नेमक्या याच गोष्टीवर मेल बार्थोलोम्यू या अमेरिकन गृहस्थांनी बोट ठेवलं. ते पेशाने स्थापत्य अभियंता. व्यवसायातून लवकर निवृत्त होऊन न्यूयॉर्क राज्यातल्या लाँग आयलंडवर राहत होते. १९७५च्या सुमारास ते तिथल्या एका सार्वजनिक बागेच्या कामात पडले. वसंतात लोक उत्साहाने यायचे, लांबच लांब ओळी आखायचे, पाकिटं रिकामी करायचे. उन्हाळा चढला की तण माजायचं, माणसं एकेक करून गळायची आणि शेवटी बागेत तणाचंच राज्य व्हायचं. ओळींमध्ये इतकी जागा का सोडायची, हे त्यांनी जाणकारांना विचारलं. ‘आजवर असंच करत आले आहेत’ यापलीकडे उत्तर मिळेना. मग त्यांनी अभियंत्याच्या डोक्याने साधा हिशेब मांडला. मुळ्याला ओळीत शेजारच्या मुळ्यापासून तीन इंच जागा पुरते, तर चारही बाजूंनी तीन इंच का पुरू नये? पायवाट काढून टाकली, तर उरलेली सगळी जमीन पिकाची.

यातून १९८१ साली ‘स्क्वेअर फूट गार्डनिंग’ हे त्यांचं पुस्तक आलं. पुढे त्याच नावाचा दूरचित्रवाणी कार्यक्रम अमेरिकेत लोकप्रिय झाला आणि पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या. बार्थोलोम्यू २०१६ साली गेले, पण त्यांची पद्धत टिकून आहे. ओळींच्या बागेतलं पीक आपण एक-पंचमांश जागेत काढतो, असा त्यांचा दावा होता. ओळींच्या बागेतली चालण्याची वाट वजा केली तर हे गणित फारसं अवाजवी वाटत नाही. मला मात्र या पद्धतीचं मोल त्या आकड्यापेक्षा वेगळ्या ठिकाणी दिसतं. नवख्या माणसाला ही पद्धत मोजमाप देते. किती लावायचं, कुठे लावायचं आणि कधी थांबायचं, हे तिच्यामुळे कळतं. घरची बाग मोडते ती बहुधा जागेअभावी नव्हे, पहिल्याच आठवड्यात आवाक्याबाहेरचं काम अंगावर घेतल्यामुळे. तो धोका या पद्धतीत बराच टळतो.

पद्धत सांगायला सोपी आहे. चार फूट लांब, चार फूट रुंद असा उथळ वाफा करायचा. त्यावर आडव्या-उभ्या पट्ट्या टाकून एकेका फुटाच्या सोळा चौकटी पाडायच्या. प्रत्येक चौकटीत एकच भाजी. चार फूट हे माप हाताच्या टप्प्यावरून ठरलं आहे. कडेला उकिडवं बसून हात आत घातला तर तो दोन फूट सहज पोचतो, दोन्ही बाजूंनी मिळून चार. त्यामुळे वाफ्यात पाय टाकायची वेळच येत नाही, माती दबत नाही, आणि न दबलेली माती पुन्हा खणावी लागत नाही. बाल्कनीत वाफा भिंतीला टेकलेला असतो, एकाच बाजूने हात घालता येतो. तिथे रुंदी दोन फुटांच्या वर नेऊ नये. दोन बाय दोन किंवा दोन बाय चार हेच आपल्या सदनिकांचं खरं माप आहे.

चौकटीत रोपं किती, याचं कोष्टक पाठ करावं लागत नाही. फूट म्हणजे बारा इंच. ज्या रोपाला बारा इंच जागा हवी ते चौकटीत एक: टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी, फ्लॉवर. ज्याला सहा इंच हवी ती चार: लेट्यूस, वरचेवर खुडायची तुळस. चार इंचवाली नऊ: पालक, बीट, लसूण, झुडपी घेवडा. तीन इंचवाली सोळा: मुळा, गाजर, पातीचा कांदा. हे आखायला फूटपट्टीसुद्धा लागत नाही. ओलसर मातीवर बोटाने अधिकचं चिन्ह काढा, चौकटीचे चार भाग झाले. प्रत्येकाच्या मध्यावर एक भोक पाडलं की चार रोपांची जागा ठरली. सोळा हवी असतील तर त्याच चार भागांत तर्जनी आणि मधलं बोट फाकवून दोनदा टेकवायची, एका भागात चार भोकं पडतात. नवासाठी दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा ओढून नऊ घरं पाडायची. लहान मुलांना हे काम फार आवडतं आणि ती ते मोठ्यांपेक्षा नीट करतात.

अमेरिकन कोष्टकात आपली मेथी, कोथिंबीर, माठ नाहीत. त्यांच्यासाठी नियम थोडा सैल करावा लागतो, कारण या भाज्या आपण कोवळ्या असतानाच उपटतो किंवा खुडतो. मुंबईच्या बाजारात मिळणारी समुद्रमेथी पाहा. किनाऱ्याच्या वाळूत दाटीवाटीने पेरून पाच-सहा बोटं वाढली न वाढली की मुळासकट उपटतात आणि इवल्याशा जुड्या बांधतात. कोवळी काढायची तर दाट पेरली तरी बिघडत नाही. चौकटीत तीन-तीन इंचांवर चार ओळी ओढून मेथी किंवा कोथिंबीर ओळीने दाट पेरावी. माठही तसाच, फक्त उगवल्यावर विरळणी करावी आणि काढलेली रोपं भाजीत घालावीत.

मेथी-कोथिंबिरीचं बियाणं घरच्या डब्यातच असतं. मेथीदाणे रात्रभर भिजवून पेरले की तीन-चार दिवसांत उगवतात. धण्याच्या एका फळात दोन बिया असतात, म्हणून धणे लाटण्याखाली हलकेच रगडून दोन फाका करायच्या आणि मग भिजवायचे. रगडताना चुरा करू नये, फाका सुट्या झाल्या की थांबावं. कोथिंबीर उगवायला आठ-दहा दिवस घेते. पाचव्या दिवशी ‘काहीच आलं नाही’ म्हणून माती उकरणारे पुष्कळ भेटतात. थोडा धीर धरावा.

बाकीच्या भाज्यांचं बी चिमटीत धरून एका भोकात दोन-तीन दाणेच टाकायचे. उगवल्यावर सर्वांत जोमदार रोप ठेवायचं आणि बाकीची उपटण्याऐवजी बारीक कात्रीने बुडाशी कापायची. उपटली तर राखलेल्या रोपाची मुळंही हलतात. पाकिटातलं उरलेलं बी घट्ट झाकणाच्या बाटलीत, थंड कोरड्या जागी पुढच्या पेरणीसाठी राहतं. एका पाकिटावर दोन हंगामही निघू शकतात.

मात्र चौकटीचा खरा उपयोग कळतो तो पेरण्यांच्या क्रमात. मोकळा वाफा दिसला की तो सगळा एकाच दिवशी भरून टाकण्याचा मोह होतो. मग महिन्याने सगळी मेथी एकदम तयार होते, दोन दिवस घरात मेथीच मेथी, शेजाऱ्यांनाही वाटून होते आणि त्यानंतर वाफा रिकामा. चौकटी असल्या की मन आपोआप आवरतं. पहिल्या रविवारी मेथीची एक चौकट पेरायची, पुढच्या रविवारी दुसरी, मग तिसरी, मग चौथी. हिवाळ्यात मेथी पंचवीस ते तीस दिवसांत काढायला येते. म्हणजे चौथी चौकट पेरून होते न होते तोच पहिली काढायला आलेली असते. त्यानंतर दर आठवड्याला एक लहानशी जुडी घरची. पहिली चौकट रिकामी झाली की तिच्यात ओंजळ-दोन ओंजळी खत मिसळून वरची माती हलवायची आणि तिथे मुळा किंवा घेवडा टोकायचा. मेथीच्या जागी मुळा, मुळ्याच्या जागी घेवडा अशी पिकांची फेरपालट आपसूक होते. शेतकऱ्याला ज्यासाठी वर्षाचं नियोजन करावं लागतं, ते इथे चौकटीगणिक घडतं. मिश्र लागवडीमुळे किडीलाही एकाच भाजीचा सलग फड सापडत नाही. एखाद्या कोपऱ्यात झेंडू लावला तर उत्तमच.

आता मातीकडे वळू. माझ्या मते आपल्याकडे ही पद्धत फसते ती इथेच. १९८१च्या पुस्तकात बार्थोलोम्यू जागेवरचीच माती खणून सुधारायला सांगत होते. पंचवीसेक वर्षांनी आलेल्या नव्या आवृत्तीत त्यांनी हा सल्ला साफ बदलला: जमिनीतली माती विसरा, तिच्यावर सहा इंच उंचीची चौकट ठेवा आणि त्यात तयार मिश्रण भरा. एक भाग कंपोस्ट, एक भाग पीट मॉस, एक भाग जाड व्हर्मिक्युलाइट. यालाच ‘मेल्स मिक्स’ म्हणतात. पीट मॉस हे थंड प्रदेशातल्या दलदलींत हजारो वर्षं साचत गेलेलं शेवाळ. ते आपल्याकडे पिकत नाही आणि आयात करण्याचं कारणही नाही, कारण ओल धरून ठेवण्याचं तेच काम नारळाचं कोकोपीट चोख करतं. व्हर्मिक्युलाइट हे भाजून फुलवलेलं खनिज. ते मिळतं, पण महाग पडतं. त्याऐवजी अर्धवट जाळलेला भाताचा तूस वापरावा. कोकणात, मावळात, भंडारा-गोंदियाकडे भातगिरण्या आहेत, तिथे तुसाला तोटा नाही. शहरात परलाइट किंवा नुसता कोरडा तूसही चालतो. अंगणात जमिनीवरच वाफा करायचा असेल, तर तिसरा भाग म्हणून सरळ पोयटा माती घ्यावी, वजनाची चिंता नसते.

दोन फूट बाय दोन फूट, सहा इंच खोल अशा चौकटीत सुमारे सत्तावन्न लिटर मिश्रण मावतं. न्हाणीघरातली मोठी बादली साधारण अठरा-वीस लिटरची असते. म्हणजे एक बादली कोकोपीट, एक बादली खत, एक बादली तूस, की एक वाफा भरला. पाच किलोची कोकोपीटची वीट भिजल्यावर फुगून साठ-सत्तर लिटर होते; तीनेक वाफ्यांना एक वीट पुरते. वीट भिजवल्यावर ते पाणी ओतून द्यावं, पुन्हा साध्या पाण्यात धुवावं आणि पिळून घ्यावं. नारळाच्या सोडणात क्षार असतात, न धुतलेल्या कोकोपीटमध्ये कोवळ्या रोपांच्या पानांच्या कडा करपतात. दुसरी गोष्ट, कोकोपीटमध्ये अन्न जवळजवळ नसतं. हलकं म्हणून अर्ध्याहून जास्त कोकोपीट भरलं आणि खतात हात आखडता घेतला, तर रोपं पिवळी पडतात. मग लोक पाणी वाढवतात आणि रोपं आणखी पिवळी होतात.

खतात कंजुषी नको, आणि खत एकाच प्रकारचंही नको. बार्थोलोम्यू पाच निरनिराळ्या प्रकारची कंपोस्टं एकत्र करायला सांगत. आपल्याकडे हे सहज जमतं: कुजलेलं शेणखत, गांडूळखत, पालापाचोळ्याचं खत, स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं घरचं खत आणि दोन मुठी निंबोळी पेंड. शेणखत पूर्ण कुजलेलं हवं. हातात घेतल्यावर ते चहाच्या भुकटीसारखं सुटं लागावं, त्याला शेणाचा वास येऊ नये.

खताचा आणि थोडक्या जागेचा हा विचार मराठी माणसाला नवा नाही. कांद्याच्या रोपासाठी गादीवाफा आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या होतो आहे. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर हे गणिताचे शिक्षक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा करून शेतकऱ्यांना चौरस फुटाच्या, पानावर पडणाऱ्या उन्हाच्या हिशेबात शेती पाहायला शिकवलं. एका कुटुंबाला दहा गुंठे कसे पुरतील, याची त्यांनी मांडणी केली. पालापाचोळा कुजवून सुपीक माती घरच्या घरी तयार करता येते, यावर त्यांचा भर होता. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाची चिपाडं वापरून गच्चीवर भाजी आणि फळं पिकवली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर तिथल्याच ओल्या कचऱ्यातून हिरवीगार बाग उभी राहिली. या सगळ्यांनी माती हलकी करण्यावर आणि कचरा जागच्या जागी जिरवण्यावर भर दिला. बार्थोलोम्यूंची चौकट त्याला जोडली की आपल्याला हवी ती पद्धत मिळते.

हलक्या मातीचा आग्रह मी वजनासाठीही धरतो आहे, आणि गच्चीवाल्यांनी हा भाग दोनदा वाचावा. चार बाय चारचा, सहा इंची वाफा म्हणजे आठ घनफूट, सव्वादोनशे लिटर. त्यात बागेतली साधी माती भरली आणि पावसात ती भिजली, तर वजन साडेतीनशे-चारशे किलोच्या घरात जातं. वाफ्याचं क्षेत्रफळ दीड चौरस मीटर, म्हणजे दर चौरस मीटरला अडीचशे किलोच्या आसपास. ये-जा असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला चल भार आहे दर चौरस मीटरला सुमारे दीडशे किलो. कोकोपीट-तूस-खताचं मिश्रण ओलं झालं तरी बागेतल्या मातीच्या निम्म्याच्या आसपासच भरतं आणि या मर्यादेत बसतं. तरीही वाफे गच्चीच्या मधोमध मांडू नयेत, खाली तुळई किंवा भिंत असेल त्या रेषेवर ठेवावेत. बाल्कनीत कठड्याकडे न सरकवता घराच्या भिंतीलगत ठेवावेत. इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनियरचा सल्ला घ्यावा. आणि सोसायटीला आधी विचारावं. गळतीच्या संशयावरून उखडलेल्या बागा पुष्कळ आहेत. वाफा विटांवर ठेवून खाली तीन-चार इंच मोकळी जागा सोडली, पन्हाळ्याची जाळी मोकळी राखली, तर पाणी साचत नाही आणि खालच्या मजल्यावाल्यांशी बोलताना आपली बाजूही भक्कम असते.

चौकट कशाचीही करावी. जुनी फळी, फळांचे प्लॅस्टिकचे क्रेट, जमिनीवर असेल तर नुसत्या विटा. जुन्या रंगवलेल्या लाकडात शिसं असू शकतं, ते खायच्या भाजीपासून लांब ठेवावं. आखणी मात्र टाळू नये. बार्थोलोम्यू या बाबतीत अगदी कडक होते. वर आखणी दिसत नसेल तर ती चौरस फुटाची बाग नव्हे, असं ते म्हणत. मनातल्या मनात चौकटी पाडल्या की तिसऱ्या आठवड्यात त्या विस्कटतात. सुतळी पावसाळ्यात कुजते. बांबूच्या कामट्या किंवा नायलॉनची दोरी टिकते.

खोलीबाबत मी पुस्तकाचं ऐकणार नाही. सहा इंच पालेभाज्यांना पुरे. पण विदर्भातला किंवा मराठवाड्यातला एप्रिल लक्षात घेतला तर सहा इंचांचं मिश्रण दुपारपर्यंत कोरडं होतं. उन्हाळ्यातही बाग चालू ठेवायची असेल तर आठ-नऊ इंच धरावेत, आणि टोमॅटो-वांग्यासाठी दहा ते बारा. लांब गाजरासाठी बार्थोलोम्यू एका चौकटीपुरता एक फुटी चौकोन वर चढवत, ती युक्ती चांगली आहे. वेलभाज्यांना वर चढवावं. काकडी, दोडका, कारलं जाळीवर गेले की जमीन अडत नाही. टोमॅटोला नारायणगाव-जुन्नरकडे तार-बांबूवर बांधतात, तसंच इथेही करावं. बगलफुटी खुडून एकच शेंडा ठेवला तर एका चौकटीत एक झाड सुखाने उभं राहतं. उंच मजल्यांवर मधमाश्या कमी फिरकतात. टोमॅटो-मिरचीचं त्यावाचून फार अडत नाही, पण काकडी-दोडक्याचं अडतं. तिथे नर फूल तोडून त्यातला पराग मादी फुलाला हाताने लावावा. मादी फुलाच्या मागे बोटभर कोवळं फळ असतं, ओळखायला चुकत नाही. काकडी सकाळी फुलते, दोडका संध्याकाळी. त्या त्या वेळी हे करावं.

जाळी वाफ्याच्या उत्तरेला उभी करा, असं अमेरिकन पुस्तकं सांगतात, म्हणजे तिची सावली वाफ्यावर पडत नाही. आपल्याकडेही हेच खरं, पण एक तपशील वेगळा आहे. पुण्यात मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस शून्य सावलीचे दिवस येतात. त्या दोन तारखांच्या मधल्या काळात माध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. तो इतका उंच असतो की जाळीची सावली आखूडच पडते, त्यामुळे वाफ्याचं नुकसान नाही. फरक बाल्कनीला पडतो. दक्षिणेकडच्या बाल्कनीत हिवाळ्याचं तिरपं ऊन खोलवर आत येतं आणि मे-जूनमध्ये ते जवळजवळ नाहीसं होतं. उत्तरेकडच्या बाल्कनीत हिवाळाभर ऊन येतच नाही. म्हणून एका महिन्याचं ऊन पाहून वर्षभराचा बेत करू नये. ज्या हंगामात लावणार, त्याच हंगामात सकाळी, दुपारी आणि चारच्या सुमारास ऊन कुठपर्यंत येतं, ते खडूने फरशीवर आखावं. फळभाजीला सहा तास ऊन लागतं, पालेभाजी चार तासांत भागवते. त्याहून कमी ऊन असेल तर टोमॅटोचा हट्ट सोडून पुदिना, गवती चहा, पानओवा आणि अळू लावावा.

पाण्याची बार्थोलोम्यूंची रीत मला विशेष आवडते. पाइप नाही, झारी नाही. उन्हात ठेवलेली पाण्याची बादली आणि एक पेला. प्रत्येक चौकटीशी वाकायचं, पानं एका हाताने बाजूला करायची आणि बुडाशी पेलाभर पाणी ओतायचं. पाइपने पाणी मारताना नजर भिंतीवर असते. पेल्याने घालताना ती रोपावर असते. मिरचीच्या शेंड्याखालचा मावा, टोमॅटोच्या पानावरच्या नागअळीच्या पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा, देठाच्या बेचक्यातला पिठ्या ढेकूण हे सगळं तेव्हाच दिसतं, आणि लवकर दिसलं की बोटाने चिरडून किंवा पान खुडून काम भागतं. फैलावलंच तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबतेल, ते मिसळण्यापुरता साबण, आणि फवारणी संध्याकाळी. कबुतरांचा उपद्रव असेल तिथे पेरल्या दिवशीच जाळी टाकावी. उगवलेली मेथी ती एका सकाळीत साफ करतात.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. सुरुवातीचा खर्च जमिनीतल्या वाफ्यापेक्षा जास्त असतो, कारण मिश्रण विकत घ्यावं लागतं. तो खर्च एकदाच होतो. पुढे दर पिकाला ओंजळ-दोन ओंजळी खत पुरतं. भोपळा, रताळं, कणसं यांना ही जागा नव्हे. आणि चार जणांच्या घराची भाजी सोळा चौकटींवर भागणार नाही, तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. एका माणसाला हंगामात रोज सॅलडपुरता पाला एका चार बाय चारच्या वाफ्यातून मिळतो, एवढंच बार्थोलोम्यूही म्हणत. पण आपल्या स्वयंपाकाचा विचार करा. फोडणीला दोन मिरच्या, आमटीवर चार काड्या कोथिंबीर, पोह्यांवर थोडी अधिक, पिठल्यासोबत पातीचा कांदा, थालीपिठात मूठभर मेथी. रोज लागणारं आणि फ्रिजमध्ये दोन दिवसांत माना टाकणारं जे असतं, ते सगळं चौकटीत बसतं. पावसाळ्यात कोथिंबिरीच्या जुडीचा भाव चढतो, तेव्हा आडोशाला ठेवलेल्या दोन चौकटींची किंमत कळते.

आडोसा म्हणालो, कारण कोकणात आणि मुंबईत पावसाचा मारा पालेभाजीला सोसत नाही. वाफा छपराच्या कडेला हवा. पावसाळ्यात काकडी, दोडका, भेंडी. उन्हाळ्यात गवार, चवळी, माठ, आणि दुपारच्या उन्हासाठी हिरवी शेडनेट. मार्चनंतर पेरलेली कोथिंबीर पानं धरण्याआधीच फुलावर जाते, तो प्रयोग टाळावा. नवख्यांसाठी हंगाम एकच: नवरात्रानंतर फेब्रुवारीपर्यंतचा. पाऊस गेलेला, ऊन कोवळं आणि कीड कमी.

म्हणून माझं सांगणं इतकंच. चार बाय चारने सुरुवात करू नका, सगळी गच्ची तर मुळीच घेऊ नका. दोन बाय दोनचा एकच वाफा करा. दसऱ्याच्या सुमारास तीन बादल्या मिश्रण तयार ठेवा. पहिल्या चौकटीत मेथी पेरा, दुसऱ्या आठवड्यात दुसरीत कोथिंबीर, तिसऱ्या आठवड्यात तिसरीत सोळा मुळे, आणि चौथीत रोपवाटिकेतून आणलेलं मिरचीचं एक रोप लावा. हे चार फूट वर्षभर सांभाळता आले, तरच पुढच्या दसऱ्याला दुसरा वाफा घ्या.